शिकवणीचा डावा पाय

संपादकांनी फोनवर सांगितलं, "नोकरीतले अभिमानाचे दोन-चार प्रसंग लिहा." मी लगेच हो म्हणालो, कारण अभिमान बाळगण्यात मी कधीच मागे नव्हतो. पण लिहायला बसलो की प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एक बाई येऊन उभी राहायची आणि तोच तो प्रश्न विचारायची. तिला बाजूला सारून पुढचं लिहिणं जमेना. म्हणून ठरवलं, की अभिमानाचं जे काही आहे ते आधी उरकून घेतो आणि मग तिच्याकडे वळतो.

मी भालेराव. मी डॉक्टर नाही. नगरमधल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं) एका मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या तपासणीची एक खोली आहे, तिथे मी तंत्रज्ञ होतो. सर्जरी शिकायला आलेले निवासी डॉक्टर, म्हणजे आमच्या भाषेत रेसिडेंट, माझ्याकडे ही तपासणी शिकायला यायचे. पेशंट मला डॉक्टर म्हणायचे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. नंतर दुरुस्त करणं सोडून दिलं. सांगितलं असतं तरी ते डॉक्टरच म्हणाले असते हे एक कारण, आणि ऐकायला बरं वाटायचं हे दुसरं. दुसरं जास्त खरं.

आमच्या खोलीत सुई नव्हती, कापाकापी नव्हती, रक्ताचा थेंब नव्हता. पायाला रक्त नीट पोचतंय की नाही ते बाहेरून ओळखायचं, एवढंच काम. दंडाला बी.पी.चा पट्टा बांधतात तसाच घोट्याच्या वर बांधायचा. पावलावर जेली लावून पेनाएवढा प्रोब टेकवायचा. खाली नळीत रक्त वाहत असलं की यंत्रातून आवाज येतो. पट्टा फुगवला की आवाज बंद होतो. मग हळूहळू हवा सोडायची, आणि ज्या आकड्याला आवाज परत येतो तो घोट्याचा दाब. त्याला दंडाच्या दाबाने भागायचं. उत्तर एकच्या आसपास किंवा जरा वर आलं तर पाय चांगला. पॉइंट नऊच्या खाली गेलं तर वाटेत कुठेतरी नळी चोंदली आहे. पॉइंट पाचच्या खाली गेलं तर हातातला चहा खाली ठेवून सर्जनला फोन लावायचा.

आमच्या भागातल्या माणसाला हे समजावताना मला कधी कष्ट पडले नाहीत. मोटारीपाशी पाण्याला जोर किती आणि ठिबकच्या शेवटच्या नळीला किती, हा हिशेब इथे ज्याला त्याला येतो. हिवरे बाजारकडचे एक म्हातारबुवा स्वतःच्या पायातला आवाज ऐकून एकदम खूश झाले होते. म्हणाले, "म्हंजे मोटार चालू हाय म्हना की!" मी म्हटलं, मोटार चालू आहे आणि पाणीही शेवटच्या झाडापर्यंत जातंय. त्यांनी दुसरा पाय पुढे केला, "मंग हे बी शिवार बगा." मी रेसिडेंटना समजावताना जे सांगायचो, ते त्या बुवांनी एका वाक्यात उरकलं.

अडचण यायची ती वेगळीच. पायाला हात लावणं म्हणजे आपल्याकडे पाया पडणं. कोरा पांढरा कोट घातलेली डॉक्टर मुलगी वाकून पावलाला हात लावते हे बघून म्हातारी माणसं धडपडून उठून बसायची. शेवगावची एक आजी तर दर वेळी पाय ओढून घ्यायची आणि म्हणायची, "सुखी ऱ्हा बाई, पन पाय नगं धरू, आमी काय देव हाय का?" या तपासणीआधी माणसाला थोडा वेळ शांत उताणं पडून राहावं लागतं. आजी शांत पडली की रेसिडेंट पायाला हात लावायची आणि आजी पुन्हा उठून आशीर्वाद द्यायची. त्या दिवशी तपासणी झाली नाही, पण त्या मुलीला तिच्या घरचेही देत नसतील इतके आशीर्वाद मिळाले.

आता शिकवणीचं सांगतो. सर्जरीला आलेल्या मुलांना सुरी हातात कधी मिळते याची घाई असते. जेली लावून फुसफुस ऐकत बसण्याचं हे काम त्यांना कमी प्रतीचं वाटायचं. त्यात सरावासाठी पाय कुठून आणायचा? दुखऱ्या पायाच्या पेशंटवर नवख्याने पुन्हा पुन्हा पट्टा फुगवणं बरं नाही. एकमेकांच्या पायावर करायला लावलं तर मुलं गुदगुल्या होऊन हसत सुटायची, तेवढ्यात एखाद्याला वॉर्डातून बोलावणं यायचं. मग मी माझाच पाय दिला. खाट भिंतीला लागून होती, त्यामुळे मोकळ्या बाजूला यायचा तो डावा. नवीन तुकडी आली की मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून झोपायचो, आणि एकेक डॉक्टर येऊन माझ्या पायाशी बसायचा. मला नाही म्हटलं तरी यात मौज वाटायची. बारावी पास माणूस झोपलेला आणि एवढे शिकलेले लोक त्याचा पाय धरून बसलेले.

सुरुवातीलाच मी जाहीर करायचो, "माझा आकडा एक पॉइंट एक. तो ज्याचा येईल त्याला चहा." एकाचं ऐकून दुसऱ्याने उत्तर काढू नये म्हणून यंत्राचा आवाज फक्त मोजणाऱ्याच्या कानात, हेडफोनमधून. हा नियमही माझाच. उताणा पडलेला असल्याने डायल मला दिसायचा नाही आणि आवाज मला ऐकू यायचा नाही. मला फक्त शेवटचा आकडा ऐकू यायचा. कुणी पॉइंट नऊ म्हणालं की मी झोपल्या झोपल्या म्हणायचो, "कमी आला तर पाय चुकत नाही, डॉक्टर, हात चुकतो. परत घ्या." मग परत. मग परत. शेवटी एक पॉइंट एक यायचाच आणि खोलीत टाळ्या पडायच्या.

हे वाक्य मी इतक्या तुकड्यांना ऐकवलं, की मुलं माझी नक्कल करताना तेच म्हणायची. स्नेहसंमेलनात एकाने पॅन्ट वर करून, खाटेवर पडून माझी हुबेहूब नक्कल केली होती. मी सगळ्यात मोठ्याने हसलो होतो.

या सगळ्यांत माझा लाडका अजित. पहिल्याच दिवशी, पहिल्याच झटक्यात त्याने एक पॉइंट एक सांगितला. मी उठून त्याची पाठ थोपटली आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला त्याचं उदाहरण दिलं. पुढे त्याने जामखेडला स्वतःचं लहानसं हॉस्पिटल काढलं. त्या बाजूला ही तपासणी कुणाकडे नव्हती. त्याने हातात मावणारं यंत्र घेतलं तेव्हा पहिला फोन मला केला, "सर, तुमच्या आशीर्वादाने." दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. अभिमानाचं जे सांगायचं होतं ते इथे संपलं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी नवीन तुकडीत रेणुका नावाची डॉक्टर आली. शेवगावकडची, हळू बोलणारी. तिने माझा पाय मोजला आणि म्हणाली, "पॉइंट सात, सर." तुकडी हसली. मी म्हटलं, परत घ्या. तिने परत घेतला. पॉइंट सात. तिसऱ्यांदाही तेच. मी म्हणालो, "अहो डॉक्टर, कानात मळ-बिळ साठलाय का? आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या." सगळे पुन्हा हसले. तिचे कान लाल झाले. बाकीचे चहाला गेले आणि मी तिला एकटीला सराव करत बसवलं. नंतरच्या आठवड्यातही तिला चहा मिळाला नाही. शेवटी एके दिवशी ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "एक पॉइंट एक." मी म्हटलं, "बघा! म्हटलं नव्हतं?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. हेडफोन गुंडाळून जागेवर ठेवला आणि जेली पुसायला मला कापूस दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बबन आला. जामखेडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा, चाळिशीतला ऊसतोड कामगार. बरोबर बायको, मंदा. तोडीच्या कामात नवरा-बायकोची जोडी धरतात, तिला कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हे दोघं एक कोयता होते. बबनच्या उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. उसाचं बुडखं लागून जखम झाली होती आणि ती भरतच नव्हती. रात्रभर पाय खाटेखाली लोंबता सोडून बसायचा, तेवढीच दुखण्याला उतार. हे ऐकल्यावर माझ्या धंद्यातला माणूस यंत्र लावायच्या आधीच ओळखतो.

रेणुकाची पाळी होती. मी म्हटलं, मोजा. पेशंटच्या वेळी हेडफोन लावत नाहीत, आवाज सगळ्या खोलीत ऐकू येतो. चांगल्या नळीचा आवाज टणक आणि तुटक असतो. इथे लांबट, वाऱ्यासारखा, लगेच विरणारा आवाज आला. तिने भागाकार केला, मग माझ्याकडे बघत थांबली. ती आकडा सांगेना.

"किती?"

"सर, मी परत घेते."

"परत कशाला? किती आला?"

"पॉइंट तीन. पण माझा हात चुकला असेल, सर."

मी स्वतः मोजला. पॉइंट तीनच होता. पोरीने अगदी बरोबर मोजला होता आणि ती घाबरून परत मोजायला निघाली होती. तेव्हा मला याचा अर्थ लागला नाही. मी सर्जनना फोन लावण्याच्या गडबडीत होतो.

मंदा म्हणाली, "सायेब, मागं जामखेडला दावलं हुतं की. आसंच मशिन लावलं हुतं त्या डाक्टरनी. म्हनले, रक्त बरुबर जातंय, पाय चांगला हाय, शिरंचं दुखनं हाय. गोळ्या दिल्या."

जामखेडला हे मशिन एकाकडेच होतं. बबनला वॉर्डात पाठवलं आणि मी बाहेर व्हरांड्यात येऊन अजितला फोन लावला. माझं डोकं तापलं होतं.

"अरे अजित, बबन नावाचा तोडणीवाला तुझ्याकडे आला होता? तू त्याला चांगला पाय म्हणून परत पाठवलास? बोटं काळी पडलीत त्याची!"

मग तो म्हणाला, "आठवतो, सर. पहिल्यांदा घेतला तेव्हा पॉइंट सहा आला होता."

"मग?"

"मला वाटलं हात चुकला. चांगला चालत आला होता, मजबूत माणूस. परत घेतला, परत कमी. मग तुमचा आवाज आठवला, सर. कमी आला तर हात चुकतो. अजून घेतला. शेवटी वरच्या आकड्याला काहीतरी आवाज आल्यासारखा वाटला, तो धरला."

जेलीवर प्रोब जरा सरकला तरी कानात खर्र होतं. समजा एकशे तीसला आवाज येणार असं मनात धरून बसलेल्या माणसाला ते खर्र म्हणजे रक्त वाटतं. हे मला पक्कं माहीत होतं. कुणालाही शिकवलं मात्र नव्हतं.

"पण तू तर पहिल्याच झटक्यात बरोबर सांगितला होतास," मी म्हणालो. काय बोलावं कळत नसलं की माणूस असलं काहीतरी बोलतो.

"सर, तुम्ही आकडा आधीच सांगितला होता," अजित म्हणाला. "मला तेव्हा काहीच ऐकू आलं नव्हतं." मग त्याचा आवाज उतरला. "सर, एक विनंती आहे. त्यांना हे सांगू नका. हॉस्पिटल नवीन आहे. गाव लहान आहे."

मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. बघू म्हणजे हो, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

खोलीत परत आलो तर रेणुका यंत्र पुसत होती. मी दार लोटलं, पॅन्ट वर केली आणि खाटेवर झोपलो. म्हटलं, "मोजा. हेडफोन नको." तिने पट्टा बांधला, जेली लावली, प्रोब टेकवला. हवा सोडायला लागली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या शिकवणीच्या पायाचा आवाज ऐकला. लांबट होता. वाऱ्यासारखा. बबनच्या पायाइतका वाईट नव्हे, पण त्याच वाटेवरचा.

"पॉइंट सात, सर," ती म्हणाली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशीही एवढाच होता."

"मग त्या दिवशी एक पॉइंट एक का सांगितलात?"

"सगळ्यांना तोच येत होता. मला वाटलं मला सर्जरी जमणार नाही. घरी फोन करून सांगायचीही तयारी केली होती."

मला लाज वाटली, एवढं लिहून भागत नाही. मी उठून बसलो आणि पॅन्ट खाली करायचं भान राहिलं नाही. एके काळी माझा आकडा एक पॉइंट एक होता, हे खोटं नाही. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या विभागाच्या मोठ्या सरांनी मोजला होता. त्यानंतर पाय आपल्या गतीने बिघडत गेला आणि मी जुनाच आकडा सांगत राहिलो. दिवसभर लोकांना बिडी सोडा म्हणून दम भरायचा आणि दुपारी कँटीनच्या मागे जाऊन सिगारेट ओढायची, असा माझा दिनक्रम. वर्षभर तर वॉर्डाचा जिना चढताना मधल्या वळणावर पोटरी भरून यायची. तिथे खिडकी आहे. मी खिडकीपाशी थांबायचो, खिशातून फोन काढून बघितल्यासारखं करायचो आणि दुखणं ओसरलं की वर जायचो. स्वतःला सांगायचो, वय झालं, चपला बदलायला हव्यात. चोंदलेल्या नळीची खूण म्हणून याच दुखण्याचं वर्णन मी रेसिडेंटकडून तोंडपाठ करून घेत होतो. त्यांनी ते शब्दशः सांगितल्याशिवाय सोडत नव्हतो.

रेणुकाला म्हटलं, "हे कुणाला सांगू नका." अजितने मला जे सांगितलं होतं तेच मी तिला सांगितलं. ती हो म्हणाली.

जुन्या रेसिडेंटपैकी ज्यांचे नंबर होते त्यांना मी फोन केले. सहज आठवण आली म्हणून असं नाटक करत, हळूच विचारलं. बऱ्याच जणांनी हसण्यावारी नेलं. "सर, तो चहा मस्त असायचा," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मला पॉइंट आठ येत होता, पण तुमच्यासमोर कोण बोलणार?" तो आता ज्या गावात आहे तिथे तो कसं मोजतो, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं आणि मी गिळलं. माझ्या एका पायाचं सोडा. या मुलांनी किती पाय मोजले असतील, आणि कमी आला म्हणून किती वेळा परत घेतला असेल, याचा विचार सुरू झाला की अजूनही जेवण जात नाही.

बबनचं ऑपरेशन झालं. मांडीतल्या चोंदलेल्या नळीला वळसा घालून रक्त खाली नेलं. टाच आणि अर्धं पाऊल वाचलं, पुढचं काढावं लागलं. आमचे सर्जन हात धुता धुता म्हणाले, "नुसतं चालताना दुखत होतं तेव्हा आला असता तर बोटं राहिली असती." ते कुणाला उद्देशून बोलले नव्हते. मी ऐकलं.

मी रोज एकदा वॉर्डात चक्कर टाकायचो. पायाचा आवाज तपासायला म्हणून जायचो, जास्त बोलायचो नाही. बबन उघड्या दारासमोरच्या खाटेवर पडून बाहेर बघत असायचा. मंदाशी तो बोलत नव्हता. ती डबा उघडायची, तो जेवायचा, पण नजर दाराकडे. मला वाटलं दुखत असेल.

एका दुपारी मंदा खाली माझ्या खोलीच्या दाराशी आली. आत बोलावलं तरी आत येईना. दारातूनच म्हणाली, "डाक्टर, येक इचारू का? खरं सांगा. जामखेडला मोजला तवा ह्यांचा पाय चांगला हुता, का तवाच बिगाडला हुता?"

हाच तो प्रश्न. मी विचारलं, "का हो?"

तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "मोळी डोक्यावर घेऊन चार पावलं गेले की खाली बसायचे. मुकादम म्हनायचा, अंगचोर हाय. मी कधी म्हनले न्हाई. पन त्या डाक्टरनी पाय चांगला म्हनल्यावर म्या बी म्हनले. चारचौघात म्हनले. मशिन चांगला म्हंतंय आन तुमी सोंग करता, म्हनले. त्याच्यानंतर बसलेच न्हाईत ते. तसंच वडत ऱ्हायले पाय."

उत्तर माझ्याकडे तयार होतं. "बाई, हा आजार वाढत जाणारा असतो. तेव्हा चांगला असेल, नंतर बिघडला." यात शास्त्राच्या दृष्टीने चूक काढता आली नसती. अजितचं हॉस्पिटल वाचलं असतं, माझं नाव वाचलं असतं, आणि तिच्याही मनाला थोडा दिलासा मिळाला असता, की आपण बोललो तेव्हा पाय धडच होता. अर्धं वाक्य मी बोललोही. "बाई, हा आजार..." एवढं म्हणून थांबलो. कारण पाय तेव्हा चांगला असेल, तर बबन अंगचोर ठरत होता. बोटं तर गेलीच होती, आता हेही माझ्यामुळे त्याच्या माथी बसणार होतं.

मी म्हणालो, "पाय तेव्हाच बिघडलेला होता. दुखणं खरं होतं. मोजण्यात चूक झाली. ज्याने मोजला त्याला मोजायला मी शिकवलं होतं, आणि मी चुकीचं शिकवलं. तुम्ही आमच्या आकड्यावर विश्वास ठेवून बोललात. तुमचा दोष नाही."

मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल, माणसं जमतील. मी त्याची तयारीही केली होती. तिने फक्त मुठीतलं पदराचं टोक सोडलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं आणि काय गेलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मग म्हणाली, "मंग ह्ये त्यांला सांगा. माज्या तोंडून नगं. माजं ते आयकायचे न्हाईत."

मी लगेच निघालो. नंतर म्हटलं असतं तर गेलोच नसतो, एवढा मी स्वतःला ओळखतो. जिना चढायला लागलो. मधल्या वळणावर पोटरी भरून आली. खिडकीपाशी थांबलो, सवयीने फोन काढला, बघितल्यासारखं केलं, आणि वर गेलो.

बबनच्या खाटेशी उभा राहिलो आणि मंदाला सांगितलं होतं तेच सांगितलं. अजितचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ते ठावं हाय मला," तो म्हणाला. "पाय माजा हाय, मला कळंना व्हय?"

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"कुनाला बोलू? मशिन चांगला म्हनत हुतं."

माफ करा म्हणायला तोंड उघडलं, पण बबन माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या पायाकडे बघत होता. मग त्याने हनुवटीने उघड्या दाराकडे खूण केली. त्याच्या खाटेवरून थेट जिन्याचं वळण दिसत होतं, आणि ती खिडकी.

"तुमी बी थांबता की तितं," तो म्हणाला. "रोज बगतो मी. फोन काय बगत न्हाई तुमी. म्या बी आसाच थांबायचो, उसाच्या फडात. चप्पल झटकल्यावानी करायचो." थोडं थांबून त्याने विचारलं, "डावा का?"

एवढ्या वर्षांत त्या पायाशी इतके डॉक्टर येऊन बसले होते. रेणुका सोडली तर कुणालाही मी खरं सांगितलं नव्हतं.

"डावा," मी म्हणालो.

बबनने पट्टी बांधलेलं अर्धं पाऊल दोन्ही हातांनी उचलून अलगद बाजूला सरकवलं आणि खाटेवर माझ्यासाठी जागा केली.

"मंग उबं का?" तो म्हणाला. "बसा की जरा."

मी बसलो.